भोंगा वाजला की निघायचे



नवीन वर्ष सुरू झाले की तुमच्यापैकी पुष्कळजण काही ना काही ठरवतात. रोज पहाटे उठायचे, रोज दहा गणिते सोडवायची, रोज मैदानाला पाच फेऱ्या मारायच्या. पहिल्या दिवशी गजर होण्याआधीच जाग येते. चौथ्या दिवशी गजर ऐकू येतो, पण हात पांघरुणाबाहेर निघत नाही. दहाव्या दिवशी गजर कुणी लावलेलाच नसतो! मग आपण म्हणतो, "माझी इच्छाशक्तीच कमी." घरची मोठी माणसेही तेच म्हणतात.

मला हे म्हणणे मुळीच पटत नाही. हुरूप हा भरतीच्या पाण्यासारखा असतो. तो येतो आणि ओसरतो. ओसरला म्हणून त्याला दोष देण्यात अर्थ नाही आणि स्वतःलाही नाही. चूक असते ती दुसरीच. महिनोन्‌महिने चालणारे काम आपण एकट्या हुरुपावर सोपवतो. असे काम सोपवावे ते ठरलेल्या वेळेवर, वहीवर आणि सोबत्यांवर. हे मी वाचले होते, वर्गात सांगतही होतो. पण ते खऱ्या अर्थाने कळले वयाच्या पन्नाशीत, काळाचौकीच्या रस्त्यांवर धावताना. ती हकिगत आज सांगतो.

मी काळाचौकीतच वाढलो आणि इथल्याच एका शाळेत विज्ञान शिकवतो. माझे वडील गिरणी कामगार होते. त्या काळी लालबाग, परळ, काळाचौकी हा सारा भाग गिरण्यांच्या भोंग्यावर चालत असे. पहाटे भोंगा झाला की चाळीतले नळ, स्टोव्ह, जिने सगळे एकदम जागे होत. "आज जावेसे वाटते का?" असे वडिलांना कुणी विचारीत नसे, आणि तेही स्वतःला विचारीत नसत. भोंगा वाजला की डबा घेऊन निघायचे! १८ जानेवारी १९८२ रोजी गिरणी कामगारांचा मोठा संप सुरू झाला. पुढे बहुतेक गिरण्या एकेक करून बंद पडल्या आणि भोंगेही थांबले. भोंग्यामागे पोटाची सक्ती होती. तिचे गोडवे गाण्याचे कारण नाही. पण त्या व्यवस्थेत एक शहाणपण होते. निघायचे की नाही, हा प्रश्न रोज सकाळी नव्याने सोडवावा लागत नसे.

वर्गणीची वही

मुंबईत २००४ सालापासून मॅरेथॉन शर्यत भरते. साधारणपणे जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी. तिच्यात पहिले येण्यासाठी धावणारे थोडे. पुष्कळजण एखाद्या चांगल्या कामासाठी धावतात. एखादी सेवाभावी संस्था निवडायची आणि आप्तांना, शेजाऱ्यांना सांगायचे, "मी धावतो, तुम्ही या कामाला मदत द्या." तुम्ही म्हणाल, ही पद्धत बाहेरून आली. पण आपल्या भागाला ती नवीन वाटू नये. गणपतीच्या आधी मंडळाचे कार्यकर्ते पावतीपुस्तक घेऊन दारोदार वर्गणी गोळा करतात ना? तसेच हे. फरक एवढाच, की इथे वर्गणी मागणाऱ्याला स्वतः धावून दाखवावे लागते!

परळचे टाटा स्मारक रुग्णालय काळाचौकीहून चालत जाण्याइतके जवळ आहे. १९४१ साली सुरू झालेल्या या रुग्णालयात देशभरातून कर्करोगाचे रुग्ण येतात. उपचार लांबतात. मुंबईत राहायला जागा मिळाली नाही की गावाहून आलेली कुटुंबे जवळच्या पदपथावर पथारी टाकतात. लहानपणापासून मी हे पाहत आलो आहे. म्हणून अशा रुग्णांच्या राहण्याची सोय करणाऱ्या एका संस्थेसाठी धावायचे मी ठरवले. वैद्यकीय तपासणी करून घेतली. मग एक वही घेतली आणि ऑगस्ट महिन्यात आमच्या इमारतींमधल्या ३१ घरांतून वर्गणीचे आकडे लिहून घेतले. कुणी किलोमीटरला पाच रुपये म्हणाले, कुणी पन्नास. त्या रात्री मला हुरुपाने झोप लागली नाही.

आता थोडा हिशेब करू या. मॅरेथॉनचे अंतर असते ४२.१९५ किलोमीटर. १९०८ सालच्या लंडन ऑलिंपिकमध्ये विंडसरच्या राजवाड्यापासून क्रीडागारापर्यंत जो मार्ग आखला, त्याचे हे अंतर. १९२१ साली तेच सर्वत्र कायम झाले. त्यापूर्वी ते कमीजास्त असे. १९२० साली अँटवर्पच्या ऑलिंपिकमध्ये ते ४२.७५ किलोमीटर होते. त्या शर्यतीत बेळगावचे फडेप्पा चौगुले धावले आणि २ तास ५० मिनिटे ४५ सेकंदांत १९ वे आले. भागाकार करून पाहा. एका किलोमीटरला जवळजवळ नेमकी ४ मिनिटे! तुमच्या मैदानावर एक किलोमीटर ४ मिनिटांत धावून बघा आणि मग तसे आणखी बेचाळीसदा करायचे आहे अशी कल्पना करा.

धावायला ऊर्जा लागते. ढोबळ नियम असा, की एक किलोमीटर धावताना शरीराच्या दर किलोग्रॅम वजनामागे सुमारे एक उष्मांक खर्च होतो. माझे वजन ६५ किलो. म्हणजे ४२ किलोमीटरला ६५ × ४२ = २,७३० उष्मांक. पटकन वापरता येणारी साखर शरीर ग्लायकोजेनच्या रूपात यकृतात आणि स्नायूंत साठवते. हा साठा साधारण ५०० ग्रॅमचा, म्हणजे ५०० × ४ = २,००० उष्मांकांचा. २,००० ला ६५ ने भागा. उत्तर येते सुमारे ३१. नुसत्या साखरेवर धावणाऱ्याचा साठा एकतिसाव्या किलोमीटरच्या सुमारास संपतो! म्हणूनच तिसाव्या किलोमीटरनंतर पुष्कळांचे पाय शिशाचे होतात. अर्थात शरीर चरबीही जाळत असते, आणि चरबीचा साठा भरपूर असतो. पण चरबी सावकाश जळते. सराव झालेले शरीर तिचा अधिक उपयोग करायला शिकते आणि साखर जपून वापरते. सरावाला महिने लागतात ते यासाठी.

न दिसणारे काम

पहिले दोन आठवडे मजेत गेले. पहाटे पाच वाजता अभ्युदयनगरमधून निघायचे, शहीद भगतसिंग मैदानावरून शिवडीच्या दिशेने जायचे आणि परत यायचे. तिसऱ्या आठवड्यापासून मात्र कंटाळा आला. अंतर तेच, दम तोच, घाम तोच. प्रगती काहीच दिसेना.

मित्रांनो, बहुतेकजण इथेच सोडतात. आणि इथेच विज्ञान मदतीला येते, कारण प्रगती दिसत नसली तरी ती चालू असते. आपल्या स्नायूंच्या पेशींत तंतुकणिका नावाचे सूक्ष्म कारखाने असतात. ऑक्सिजनच्या साहाय्याने अन्नातून ऊर्जा मिळवण्याचे काम तिथे चालते. १९६७ साली जॉन हॉलोसी या अमेरिकन शास्त्रज्ञांनी उंदरांना १२ आठवडे सरकत्या पट्ट्यावर धावण्याचा सराव दिला. तेव्हा त्यांच्या स्नायूंतील या कारखान्यांची कार्यक्षमता जवळजवळ दुप्पट झाल्याचे त्यांना आढळले. माणसातही सरावाने तंतुकणिका वाढतात, स्नायूंभोवती केशवाहिन्यांचे जाळे दाट होते आणि हृदय एका ठोक्यात अधिक रक्त पुढे ढकलू लागते. पण यातले काहीही आरशात दिसत नाही.

मग ते पाहायचे कसे? अगदी सोपे. सकाळी जाग आली की अंथरुणातच मनगटावर दोन बोटे ठेवून एक मिनिट नाडी मोजायची. मी वर्गणीच्या वहीच्या मागच्या बाजूने रोज हा आकडा लिहू लागलो. ऑगस्टमध्ये तो ७८ होता. ऑक्टोबरअखेर ६६ झाला. मिनिटाला १२ ठोके कमी, म्हणजे दिवसाला १२ × ६० × २४ = १७,२८० ठोक्यांची बचत! ज्या दिवशी हे गणित मांडले, त्या दिवशी कंटाळा पळाला. कुणाच्या भाषणाने झाले नसते ते काम त्या एका आकड्याने केले.

मावशींचा सल्ला

पण गर्वाचे घर खाली! नाडी उतरली, दम वाढला, तेव्हा मला वाटले की आता आपण तयार झालो. नोव्हेंबरच्या एका रविवारी मी १४ किलोमीटरांवरून एकदम २२ किलोमीटरांवर उडी मारली. हृदय आणि स्नायू लवकर शिकतात, पण हाडे आणि सांध्यांजवळच्या दोऱ्यांसारख्या चिवट ऊती सावकाश बळकट होतात, हे मीच वर्गात शिकवतो! दुसऱ्या दिवशी गुडघा जिना उतरू देईना. डॉक्टरांनी दोन आठवडे विश्रांती सांगितली.

दोन आठवड्यांनी गुडघा बरा झाला. पण मी काही गेलो नाही. आज थंडी, उद्या पेपर तपासायचे, परवा पाहुणे. असे आणखी नऊ दिवस गेले. आणि नीट ऐका, त्या नऊ दिवसांत माझा हेतू काही कमी उदात्त झाला नव्हता. पदपथावरची कुटुंबे तिथेच होती. वहीतली ३१ नावे तशीच होती. उलट त्या नावांची मला लाज वाटू लागली. जिन्यात शेजारी भेटू नयेत म्हणून मी उशिरा निघू लागलो. मोठ्या हेतूने मला उठवले नाही; त्याने मला लपायला लावले.

आमच्या मजल्यावर एक मावशी राहतात. त्यांच्या यजमानांवर त्या वेळी कर्करोगाचे उपचार चालू होते. शेवटी मी वही घेऊन त्यांच्याकडे गेलो आणि म्हणालो, "मावशी, माझ्याच्याने हे होईलसे वाटत नाही. तुमच्या नावावर काट मारतो."

मावशी तांदूळ निवडत होत्या. त्यांनी वर पाहिलेसुद्धा नाही. म्हणाल्या, "मास्तर, आमच्या ह्यांना दर तीन आठवड्यांनी औषध चढवतात. मध्ये सुट्टी असते. गेल्या खेपेला रक्तात काही कमी भरलं म्हणून परत पाठवलं. आम्ही काय उपचार सोडले? पुढच्या आठवड्यात गेलो. तुम्ही पण उद्या जावा की."

मी वही मिटली आणि घरी आलो. मावशींना ठाऊक नव्हते, पण त्यांनी दोन पक्क्या गोष्टी सांगितल्या होत्या. पहिली म्हणजे मधल्या सुट्टीचे महत्त्व. कर्करोगाची औषधे टप्प्याटप्प्याने देतात, कारण निरोगी पेशींना सावरायला वेळ हवा असतो. धावण्यातही ताण आणि विश्रांती आलटून पालटून हवी. शरीर बळकट होते ते विश्रांतीच्या वेळात. दुसरी गोष्ट अशी, की चुकलेला दिवस म्हणजे शेवट नव्हे. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात फिलिपा लॅली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ९६ जणांवर एक अभ्यास केला. तो २०१० साली छापून आला. रोज एक नवी गोष्ट करायची आणि ती आपोआप होऊ लागायला किती दिवस लागतात ते पाहायचे. कुणाला १८ दिवस लागतील, तर कुणाला २५४, असे उत्तर आले. मधला आकडा ६६ दिवसांचा. आणि एखादा दिवस चुकल्याने सवय लागण्यात विशेष बिघाड झाला नाही! म्हणजे बिघाड होतो तो दिवस चुकल्याने नव्हे. "आता काय उपयोग?" असे म्हणून पुढचे दिवस सोडल्याने होतो.

भोंगा आणि सोबत

दुसऱ्या दिवशी मी दोन बदल केले. पहिला बदल वेळेचा. पाच वाजता उठून "जाऊ का?" असा विचार करणे बंद. कपडे आणि बूट रात्रीच दाराशी ठेवायचे आणि पाच वाजता गजर झाला की उंबरा ओलांडायचा. किती धावायचे ते रस्त्यावर गेल्यावर पाहू; पण उंबरा ओलांडायचाच. वडिलांचा भोंगा मी असा पुन्हा सुरू केला.

दुसरा बदल सोबतीचा. आळंदीहून पंढरपूरला जाणारे वारकरी सुमारे अडीचशे किलोमीटर चालतात. त्यांत सत्तरीच्या आजीबाईही असतात. त्या एकट्या निघाल्या तर किती चालतील? दिंडीत पुढे माणूस असतो, मागे माणूस असतो, म्हणून पाय चालत राहतात. आमच्या इमारतीतले दोन तरुण पोलीस भरतीसाठी धावत असत. मी त्यांना म्हणालो, "उद्यापासून मला खालून हाक मारा." पाच वाजता खालून "सर!" अशी हाक आली की न जाण्याची सोयच उरत नसे. डिसेंबरात शिवडीच्या खाडीत रोहित पक्षी आलेले आम्ही तिघांनी एकत्रच पाहिले.

याच सुमारास मी वर्गात टेरी फॉक्सची गोष्ट सांगितली. कॅनडाच्या या तरुणाचा उजवा पाय १९७७ साली हाडाच्या कर्करोगामुळे गुडघ्याच्या वर कापावा लागला. कर्करोगाच्या संशोधनासाठी निधी जमवायचा म्हणून त्याने कृत्रिम पायाने देश ओलांडायचे ठरवले. आधी १८ महिने सराव केला आणि त्यात ५,००० किलोमीटरांहून अधिक धावला. १२ एप्रिल १९८० रोजी तो निघाला आणि १४३ दिवसांत ५,३७३ किलोमीटर गेला. पुन्हा भागाकार करा. दिवसाला ३७ किलोमीटरांहून जास्त! रोग फुप्फुसात पसरल्यामुळे १ सप्टेंबरला त्याला थांबावे लागले आणि पुढच्या वर्षी जून महिन्यात तो वारला. कॅनडाच्या दर माणसामागे एक डॉलर जमावा ही त्याची इच्छा मात्र फेब्रुवारी १९८१ मध्येच पुरी झाली होती. लोकांना त्याचे १४३ दिवस आठवतात. मला मोठे वाटतात ते त्याआधीचे १८ महिने, कारण तेव्हा टाळ्या वाजवायला रस्त्यावर कुणी नव्हते.

वर्गातल्या एका मुलीने मला विचारले, "सर, पैसेच द्यायचे तर सरळ द्यावेत. धावायचे कशाला?" प्रश्न रास्त आहे. ज्याला सरळ देता येतात त्याने जरूर द्यावेत. धावण्याने रुपयाची किंमत वाढत नाही. पण चार-पाच महिने ३१ घरांतली माणसे मला जिन्यात विचारीत होती, "आज किती झाले?" त्यानिमित्ताने, ज्या रोगाचे नाव आमच्याकडे कुजबुजत घेत, त्याबद्दल लोक मोकळे बोलू लागले. तंबाखू मळणाऱ्या एका गृहस्थांनी वर्गणी देताना पुडी खिशात लपवली होती. मी काही बोललो नाही. डिसेंबरात त्यांनी आपणहून तोंड तपासून घेतले. हे निव्वळ पाकिटाने झाले नसते.

शर्यत पार पडली. परतीच्या वाटेवर, पाय थकलेले असताना, पेडर रोडचा चढ लागतो. तिथे ना संस्था आठवली, ना टेरी फॉक्स. "पुढच्या दिव्याच्या खांबापर्यंत," एवढेच मी मनाशी म्हणत होतो. एक खांब झाला की दुसरा. पाच तास एकेचाळीस मिनिटांनी मी पोहोचलो. बक्षीस कुठले मिळणार! पण त्याच आठवड्यात ३१ घरी जाऊन वर्गणी घेतली, संस्थेला पोहोचवली आणि पावती प्रत्येकाला दाखवली. मावशींनी वही पाहिली आणि म्हणाल्या, "बघा, काट मारली असती तर खाडाखोड झाली असती."

तर माझे म्हणणे एवढेच आहे. मोठा हेतू हवाच. कुठे जायचे ते तोच सांगतो. पण साठाव्या दिवशी पहाटे पाच वाजता पाय उचलायला हेतू पुरत नाही. तिथे भोंगा लागतो, वही लागते, आणि खालून हाक मारणारा कुणीतरी लागतो. हे अभ्यासालाही लागू आहे आणि तबला शिकण्यालाही.

तुम्ही मात्र एवढ्यात मॅरेथॉनच्या मागे लागू नका. वाढत्या हाडांना ते अंतर मानवणारे नाही. पूर्ण मॅरेथॉनसाठी १८ वर्षे पुरी लागतात. त्याऐवजी एक प्रयोग करा. शंभर पानी वही घ्या. रोज एकाच वेळी, एका मित्राबरोबर, पंधरा मिनिटे धावा किंवा भरभर चाला. सकाळची नाडी लिहून ठेवा. ६६ दिवसांनी आलेख काढा आणि रेषा कुठे जाते ते स्वतःच पाहा.

आणि मध्ये एखादा दिवस चुकला तर? वहीत ती जागा कोरी सोडा आणि दुसऱ्या दिवशी जा.